छोट्या कारखान्यात एचआर नीट केलं तर खाडे, रिजेक्शन आणि डिस्पॅच खरंच सुधारतं, पण सुरुवात कुठून करायची?

चाकण, भोसरी, अंबड, वाळूज, गोकुळ शिरगाव, कुठल्याही एमआयडीसीत ४०-५० ते दोनशे माणसांच्या कंपनीत जा, एचआर म्हणजे काय विचारलं तर उत्तर येतं हजेरी, पगार, पीएफ, ईएसआयसी आणि दिवाळीला बोनस. प्रॉडक्शनवाला म्हणतो माणसं द्या, एचआरवाला म्हणतो माणसं टिकत नाहीत, मालक म्हणतो आजकालच्या पोरांना कामच नको. आणि तिघंही एकाच गोष्टीबद्दल बोलतायत हे कुणाच्या लक्षात येत नाही. माझं ठाम मत आहे की रिजेक्शनचा (नापास झालेल्या मालाचा) आकडा, लेट डिस्पॅच (कस्टमरला माल उशिरा जाणं) आणि माणसं सोडून जाणं हे तीन वेगळे प्रॉब्लेम नाहीत. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, मालकांसाठी पण आणि एकट्याने एचआर सांभाळणाऱ्या त्या एका माणसासाठी किंवा मॅडमसाठी पण.

आधी हे खरंच चालतं का ते बघू, कारण मालकाला पटवायचं तर नुसतं "कामगार खूश तर कंपनी खूश" म्हणून भागत नाही.

आपल्याच राज्यातलं जुनं उदाहरण घ्या. जमशेटजी टाटांनी नागपूरला १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू केली, तिथे हजेरीचा मोठा प्रश्न होता, लोक चार दिवस यायचे आणि मग गायब. त्यांनी दंड वाढवत बसण्यापेक्षा गिरणीतली हवा सुधारली, चांगल्या कामाला बक्षिसं ठेवली, १८८६ मध्ये पेन्शन फंड आणला, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई द्यायला सुरुवात केली. तेव्हा असा कुठलाही कायदा नव्हता, तरी केलं, कारण माणूस टिकला तर माग नीट चालतो हा सरळ हिशोब त्यांना दिसला होता.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या फोर्डचं. १९१३ मध्ये हायलंड पार्कच्या कारखान्यात असेंब्ली लाइन आली आणि काम इतकं कंटाळवाणं झालं की साधारण १४ हजार माणसं टिकवायला वर्षात ५२ हजार माणसं भरावी लागली, म्हणजे टर्नओव्हर (माणसं सोडून जाण्याचं प्रमाण) ३७० टक्के! जानेवारी १९१४ मध्ये दिवसाला ५ डॉलर (आधीच्या जवळपास दुप्पट) आणि ९ ऐवजी ८ तास असं जाहीर केलं, त्या वर्षी टर्नओव्हर ५४ टक्क्यांवर आला, १९१५ मध्ये १६ वर. फक्त ते पैसे कुणाला द्यायचे हे ठरवायला कंपनीची माणसं कामगारांच्या घरी जाऊन त्यांचं राहणीमान तपासायची, तो भाग आपण अजिबात घ्यायचा नाही.

आणि आपल्या सगळ्यात जवळचं म्हणजे तारापूर आणि उंबरगावचं. २००८ च्या सुमारास स्टॅनफर्ड आणि वर्ल्ड बँकेच्या संशोधकांनी तिथल्या १७ कापड कंपन्यांच्या २८ प्लांटमध्ये प्रयोग केला, काही प्लांटना फुकटात कन्सल्टंट दिले, बाकीच्यांना जवळपास नुसती तपासणी. मशीन नवीन घेतलं नाही, साध्या साध्या ३८ पद्धती ठरवल्या होत्या, मेंटेनन्स, क्वालिटीच्या नोंदी, स्टॉक, आणि त्यातच माणसांच्या पण, म्हणजे कुणाचं काम काय ते लिहून लावणं, चांगल्या कामाला इन्सेंटिव्ह वगैरे. पहिल्याच वर्षात प्रॉडक्टिव्हिटी १७ टक्क्यांनी वाढली. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की बऱ्याच मालकांना आधी वाटत होतं की याने आपल्याला काही फायदा होणार नाही, म्हणजे पैशाची अडचण नव्हतीच, विश्वासाची होती.

आता अजून एक गोष्ट, जी या पूर्ण लेखाचा पाया आहे. अमेरिकेत १७ कंपन्यांच्या ३६ स्टील लाइन्सचा अभ्यास झाला, त्यात असं दिसलं की ट्रेनिंग, टीमवर्क, इन्सेंटिव्ह, नोकरीची खात्री, एकाला अनेक कामं येणं, हे सगळं एकत्र असलेल्या लाइन्स जास्त चांगल्या चालत होत्या, पण यातली एखादीच गोष्ट एकटी आणली तर फरक जवळजवळ शून्य. आपल्याकडे नेमकं हेच होतं, कुठूनतरी ऐकून इन्सेंटिव्ह चालू केला, तीन महिन्यांत बंद केला, मग म्हणायचं एचआरने काही होत नाही.

आधी पाच आकडे काढा

पहिल्या आठवड्यात काहीही बदलू नका. फक्त मागच्या सहा महिन्यांचे हे आकडे एका कागदावर काढा: दर महिन्याचे खाडे, सोडून गेलेली माणसं, रिजेक्शन आणि रिवर्क (परत दुरुस्त करावा लागलेला माल), ओटीचे (ओव्हरटाइमचे) तास, आणि किती डिस्पॅच ठरल्या तारखेला गेले. पहिले दोन एचआरकडे असतात, पुढचे प्रॉडक्शन आणि क्वालिटीकडे, आणि ते आजवर एकाच कागदावर कधी आलेले नसतात, तिथेच निम्मी गोष्ट अडकलेली असते. शेजारी शेजारी लावले की बहुतेक वेळा दिसतं की ज्या महिन्यात माणसं जास्त गेली त्याच्या लगेच पुढच्या महिन्यात रिजेक्शन चढलंय आणि ओटी पण.

सोडून गेलेल्यांचे दोन गट करा. तीन महिन्यांच्या आत गेलेले आणि वर्षभरानंतर गेलेले. पहिला गट मोठा असेल तर भरतीत किंवा पहिल्या काही दिवसांत गडबड आहे, काम सांगितलं एक आणि दिलं दुसरं, किंवा कॉन्ट्रॅक्टरने पगार वेगळा सांगितला होता. दुसरा गट मोठा असेल तर पगारवाढ, सुपरवायझर नाहीतर पुढे काही मिळणार नाही ही भावना, यातलं काहीतरी आहे. दोन्हीचे उपाय पूर्ण वेगळे आहेत, त्यामुळे एकच अॅट्रिशनचा टक्का काढून काही कळत नाही.

मग एक माणूस गेल्याचा खर्च काढा. धरून चालू की व्हीएमसीवरचा (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवरचा) ऑपरेटर, पगार १८ हजार. नवीन माणूस पहिला महिना निम्मंच काम देतो, ९ हजार गेले. जुना ऑपरेटर त्याला रोज दोन तास असं दहा दिवस शिकवतो, त्याचे तासाला १२० धरले तर २,४०० रुपये. शिकताना ६० पार्ट जास्तीचे खराब झाले, पार्टमागे ८० रुपये म्हणजे ४,८००. माणूस मिळेपर्यंत मशीन तीन दिवस एक शिफ्ट बंद राहिली, २४ तास, मशीन अवर रेट ४०० धरला तर ९,६००. बेरीज २५,८००. म्हणजे दीड महिन्याच्या पगाराच्या आसपास, आणि वर्षाला अशी २० माणसं गेली तर ५ लाख १६ हजार. हे आकडे मी समजण्यासाठी धरलेत, तुमच्या कंपनीचे तुम्ही टाका, पण टाकाच, कारण मालकाशी बोलायची भाषा हीच आहे. "कामगारांना कॅन्टीन चांगलं हवं" असं सांगितलं तर तो खर्च वाटतो, "मागच्या वर्षी ५ लाख असेच गेले" म्हटलं की खुर्ची पुढे ओढून ऐकतात.

भरती आणि पहिले १५ दिवस

इंटरव्ह्यूमध्ये दहावीचे मार्क विचारून ऑपरेटर कळत नाही. त्याला मशीनजवळ न्या, व्हर्नियर हातात द्या, एक पार्ट मोजायला सांगा, ड्रॉइंगवरचं टॉलरन्स (मापात किती फरक चालतो ते) वाचायला सांगा. हेल्पर असेल तर अर्धा दिवस लाइनवर उभं राहून काम बघू द्या, शिफ्ट कशी असते, उभं राहून काम आहे, उष्णता किती, सगळं बघू दे, ज्याला जमणार नाही तो तिथेच नाही म्हणेल आणि ते दोघांच्याही फायद्याचं आहे. पगार सांगताना हातात किती येणार ते सांगा, सीटीसी (कंपनीला पडणारा एकूण आकडा) नको. "१८ हजार" ऐकून आलेल्या पोराच्या खात्यात १५ हजार काहीशे आले की त्याचा विश्वास पहिल्याच महिन्यात गेला, पुढे काहीही करा.

जुन्या चांगल्या कामगारांच्या ओळखीने माणसं घ्यायची पद्धत मला आवडते, ती माणसं टिकतात कारण मधे एकाचा शब्द असतो. फक्त एकाच गावची किंवा एकाच माणसाची सगळी टोळी एका लाइनवर ठेवू नका, गावात लग्न निघालं की अख्खी लाइन बंद.

जॉइन झाल्यावर सरळ मशीनवर उभं करणं हा सगळ्यात महागडा शॉर्टकट आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत नवख्या लोकांना पटकन कारखान्यात तयार करायला एक चार पायऱ्यांची पद्धत काढली होती, पुढे टोयोटाने ती उचलली आणि आजही वापरतात. आधी माणसाला मोकळं करा आणि त्याला काय येतं ते विचारा. मग काम करून दाखवा, एकेक स्टेप, आणि प्रत्येक ठिकाणी असंच का करायचं ते पण सांगा. मग त्याला करायला लावा आणि करता करता तोंडाने सांगायला लावा. आणि शेवटी एकटं सोडा पण अडलं तर कुणाला विचारायचं ते नाव सांगून, आणि अधूनमधून येऊन बघा. यात "का" सांगणं आपल्याकडे हमखास राहतं. क्लॅम्प करायच्या आधी फिक्स्चरवरची (पार्ट पकडून ठेवणाऱ्या साधनावरची) चिप, म्हणजे धातूचा कीस, साफ का करायची हे कळलं तर तो घाईतही साफ करेल, नुसतं "साफ कर" सांगितलं तर साहेब समोर असेपर्यंतच.

स्किल मॅट्रिक्स ऑडिटसाठी नाही, रोजच्यासाठी

कस्टमर ऑडिट आलं की भिंतीवर स्किल मॅट्रिक्स, म्हणजे कुणाला कुठली मशीन किती येते याचा तक्ता, लागतं, सगळ्यांचे गोल भरलेले, आणि ऑडिटर गेला की कुणी बघत नाही. ते खरं भरा. एक म्हणजे शिकतोय, दोन म्हणजे कुणी बाजूला असेल तर करतो, तीन म्हणजे स्वतः करतो, चार म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. आता उभं बघा, ज्या मशीनसमोर तीन किंवा चारवाला एकच माणूस आहे ती मशीन धोक्यात, तो माणूस पेरणीला गावी गेला की तुमचा डिस्पॅच थांबला. दर महिन्याला अशा फक्त दोन मशीनसाठी दुसरा माणूस तयार करायचा, बास. आणि पगारवाढ या मॅट्रिक्सला जोडा, दोनचा तीन झाला की इतके रुपये, चार झाला की इतके, आधीच जाहीर. मग लोक स्वतःहून म्हणतात मला ग्राइंडिंग शिकवा, आणि जो दुसऱ्याला शिकवतो त्याला आपली जागा जाईल अशी भीती राहत नाही, उलट त्याचाच फायदा.

सुपरवायझर, इथेच सगळं अडतं

मला एकच गोष्ट करायला दिली तर मी सगळा वेळ आणि पैसा सुपरवायझरवर घालवेन. आपल्याकडे सगळ्यात चांगला ऑपरेटर उचलून सुपरवायझर करतात, काल मशीन चालवत होता, आज वीस माणसं चालवायची, मधे ट्रेनिंग काहीच नाही. त्याला फक्त वरच्यांनी आपल्याला कसं वागवलं तेवढंच माहीत असतं आणि तो तसंच पुढे वागवतो. कामगाराला कंपनी म्हणजे एमडी साहेब नाहीत, पॉलिसी पण नाही, त्याला कंपनी म्हणजे त्याचा सुपरवायझर.

बघा, एक दिवस खाडा करून माणूस परत आला. एक सुपरवायझर म्हणतो, "काय रे, आली का आठवण कंपनीची?" दुसरा म्हणतो, "काल आला नाहीस, घरी सगळं ठीक ना? पुढच्या वेळी रात्रीच फोन टाक, मी माणूस अॅडजस्ट करतो." दुसऱ्याकडे खाडा होतोच, पण तो आदल्या रात्री कळतो, आणि सकाळी शिफ्ट सुरू होताना लाइन भरलेली असते. एवढ्या एका वाक्याचा परिणाम डिस्पॅचवर दिसतो, हे मी अगदी मनापासून सांगतोय.

तर त्यांना शिकवायचं काय? शिफ्टच्या सुरुवातीला पाच-सात मिनिटं उभ्याउभ्या मीटिंग, काल कुठल्या पार्टचं रिजेक्शन का झालं, आज काय जायचंय, कोण कुठल्या मशीनवर, आणि शेवटी एक प्रश्न, आज कुणाला काही अडचण आहे का? वरची चार पायऱ्यांची शिकवायची पद्धत. चुकलेल्याला सगळ्यांसमोर न बोलता बाजूला घेऊन बोलणं. आणि रजेचा अर्ज त्याच दिवशी हो किंवा नाही करून देणं, लटकवायचा नाही. सुपरवायझरच्या स्वतःच्या मूल्यमापनात पण नुसतं प्रॉडक्शन ठेवू नका, त्याच्या टीममधून किती माणसं सोडून गेली, किती जणांचं स्किल वाढलं हे पण ठेवा. नाहीतर तो माणसं पिळून आकडा देत राहील आणि तुम्ही भरती करत राहाल.

पगार, ओटी, इन्सेंटिव्ह

इथे थोडक्यात पण महत्त्वाचं. पगार सात तारखेच्या आत, तो कायदाच आहे आणि कामगाराचं खोलीभाडं आणि गावी पाठवायचे पैसे त्यावर ठरलेले असतात. ओटी दुप्पट दराने, स्लिपवर दिसेल असा, "वेगळा बघू" नको. स्लिप मराठीत आणि लागलं तर हिंदीत, पीएफ १२ टक्के का कापला, ईएसआयसी ०.७५ टक्के का आणि त्यातून दवाखाना कसा मिळतो हे एकदा बसवून समजावा. बऱ्याच जणांना वाटतं हे पैसे कंपनीच खाते. मोबाइलवर पीएफचा बॅलन्स उघडून दाखवला की चेहरा बदलतो. उचल कुणाला, किती, कधी मिळेल याचा नियम ठरवून ठेवा, नाहीतर साहेबाच्या मर्जीतल्याला मिळते आणि बाकीचे मनात धरतात.

अटेंडन्स बोनसची एक खोड आहे. पूर्ण हजेरीला १,००० आणि एक खाडा झाला की शून्य, असं असलं की पाच तारखेला आजारी पडलेल्या माणसाला उरलेला महिना यायचं काही कारण राहत नाही. पायऱ्या करा, शून्य खाड्याला १,०००, एकाला ७००, दोनला ४००. आणि मंजूर रजा यात धरू नका.

पीसवर इन्सेंटिव्ह देत असाल तर फक्त ओके पार्ट मोजा, कस्टमरकडून परत आलेले वजा करा, आणि शक्य असेल तर एकट्याला न देता पूर्ण लाइनला द्या म्हणजे मागचा माणूस पुढच्याकडे खराब माल ढकलणार नाही. आणि कृपा करून, लोकांनी टार्गेट गाठलं म्हणून पुढच्या महिन्यात टार्गेट वाढवू नका. एकदा असं केलं की लोक जन्मभर हळू काम करतात, कारण त्यांना कळलेलं असतं की जोरात केलं की शिक्षाच आहे. मशीन किंवा प्रोसेस बदलली तरच टार्गेट बदला आणि तेही सगळ्यांना आधी सांगून.

रजेचं कॅलेंडर आणि काही गोष्टी ज्या सोडायच्याच नाहीत

मराठवाड्यातली पोरं पेरणीला आणि काढणीला जाणार, कोकणातली गणपतीला, बिहार-यूपीची छठला, आणि मे महिन्यात लगीनसराई. हे दरवर्षी होतं तरी दरवर्षी आपण धावपळ करतो. दोन महिने आधी लाइनवर कॅलेंडर लावा, ज्याला जायचंय त्याने नाव लिहावं, एका मशीनचे दोघं एकाच वेळी नकोत एवढंच बघायचं, आणि त्याप्रमाणे स्टॉक आधी करून ठेवा. दिवाळी बोनस (किमान ८.३३ टक्के तर कायद्यानेच) घेऊन सोडून जाणारे असतात, त्यांच्याशी सप्टेंबरमध्येच बोला, पुढच्या वर्षी तुझं काय, कुठली मशीन शिकायचीय, वाढ किती मिळू शकते. बोनस दिल्यावर बोलून उपयोग नाही.

सेफ्टी हा एचआरचाच विषय आहे, फक्त सेफ्टी ऑफिसरचा नाही. प्रेस शॉपमध्ये बोटं जातात, पोरांचं आयुष्य बदलून जातं, आणि बऱ्याचदा प्रॉडक्शनच्या घाईत गार्ड किंवा सेन्सर काढून ठेवलेला असतो. जो सुपरवायझर गार्ड काढून आकडा देतो त्याचा सत्कार करणं बंद करा आणि गार्ड काढलेली मशीन बंद करायचा अधिकार ऑपरेटरला द्या. आणि दहा किंवा जास्त माणसं असतील तर पॉश कायद्याखाली (कामाच्या ठिकाणी बायकांचा लैंगिक छळ रोखणारा कायदा) अंतर्गत समिती हवीच, बायका कामाला असतील तर स्वच्छ टॉयलेट, कपडे बदलायला खोली, बसची सोय. चांगल्या हाताच्या बायका असेंब्लीवर टिकत नाहीत म्हणणाऱ्यांनी आधी टॉयलेट बघून यावं.

परिणाम झाला की नाही हे कसं ओळखायचं

सगळ्या कंपनीत एकदम सुरू करू नका. दोन सारख्या लाइन निवडा, एकीवर हे सगळं एकत्र सुरू करा, म्हणजे शिफ्ट मीटिंग, शिकवायची पद्धत, खरं स्किल मॅट्रिक्स आणि ओके पार्टवर लाइनचा इन्सेंटिव्ह, दुसरीवर जसं आहे तसंच. तेच पाच आकडे दर महिन्याला दोन्हींचे लिहा. पहिल्या महिन्यात प्रॉडक्शन थोडं खाली पण येऊ शकतं कारण शिकवण्यात वेळ जातो, हे मालकाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिथेच सगळं बंद पडतं. सगळ्यात आधी बहुतेक न सांगता होणारे खाडे कमी होतात, मग रिवर्क, आणि माणसं टिकतायत की नाही ते कळायला सहा महिने तरी लागतात. एका महिन्यात ऑर्डर वाढली किंवा नवीन मशीन आली तर ते पण त्या कागदावर लिहा, म्हणजे उगाच एचआरला श्रेय किंवा दोष जाणार नाही.

सहा महिन्यांनी फरक नाही दिसला तर आधी हे तपासा की शिफ्ट मीटिंग खरंच होते का की रजिस्टरवर नुसत्या सह्या आहेत, आणि इन्सेंटिव्ह वेळेवर हातात पडला का. दोन्ही ठीक असूनही आकडे हलत नसतील तर प्रॉब्लेम माणसांचा नाही, टूलिंग, मटेरियल किंवा प्लॅनिंगचा आहे, तिकडे बघा. आणि फरक दिसला तर दुसऱ्या लाइनवर नेताना पहिल्या लाइनच्या सुपरवायझरलाच तिथल्या सुपरवायझरला शिकवायला पाठवा, त्यासाठी त्याला आठवड्यातले काही तास मोकळे करून द्या आणि त्या तासांचं त्याचं टार्गेट कमी करा.